ओळी किती निघाल्या, किती पोचल्या?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

नागपूरकरांना 'ओळ' म्हटले की आधी इतवारी आठवते. किराणा ओळ, सराफा ओळ, लोहा ओळ. एका जिनसाची दुकाने एका रांगेत, म्हणून ती ओळ. आज मला दुसऱ्या ओळींविषयी बोलायचे आहे. या दुकानांत दिवसभर जी बिले होतात, त्यांतला एकेक जिन्नस संगणकात एकेक ओळ होऊन बसतो. महिन्याच्या काही हजार, वर्षाच्या लाख-दोन लाख ओळी साठतात. त्या ढिगातून कोणता माल कुठे जातो, कोणाची उधारी वाढते, कोणत्या गावचा धंदा घसरतो हे शोधून देणारी सॉफ्टवेअरे आता लहान दुकानांतही आली आहेत. त्यांना 'बिझनेस इंटेलिजन्स' म्हणतात. त्यांत माहिती किती मावते, तिला किती मेमरी लागते आणि ती मावली नाही तर काय होते, हा आजचा विषय. तो तांत्रिक वाटेल, पण कागदावर आलेल्या आकड्यावरून निर्णय घेणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे.

'बिझनेस इंटेलिजन्स' हे नाव तसे जुने आहे. आयबीएम कंपनीतले संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ साली याच नावाचा एक लेख लिहिला होता. समोर आलेल्या वस्तुस्थितींमधला परस्परसंबंध ओळखून त्यातून कृतीला दिशा मिळवणे, असा अर्थ त्यांनी घेतला होता. आपल्या व्यापाऱ्यांना हे काम नवे नाही. आपल्याकडे रोजकीर्द होती, खतावणी होती, ताळेबंद होता. रोजकीर्दीत दिवसाचा प्रत्येक व्यवहार. खतावणीत तेच व्यवहार खात्याखात्याने लावलेले. ताळेबंदात वर्षाची गोळाबेरीज. एकच माहिती तीन मापांनी. मालक रोज रोजकीर्द उघडून बसत नसे, पण शंका आली की मुनीम पान काढून दाखवू शके. ही तीन मापे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता संगणकाकडे येऊ. बहुतेकांचे अहवाल आजही एक्सेलमध्ये सुरू होतात. एक्सेलच्या २००३ च्या आवृत्तीत एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ झाली आणि आजही तेवढीच आहे. हे आकडे विचित्र दिसतात, पण त्यांत गूढ काही नाही. संगणक दोनाच्या पटीत मोजतो. दोनाला दोनाने असे सोळा वेळा गुणत गेले की ६५,५३६ होतात आणि वीस वेळा गुणले की १०,४८,५७६. ओळींना क्रमांक द्यायला जेवढी जागा राखली, तेवढेच क्रमांक मिळाले. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती. माणशी एक ओळ लिहायची म्हटली, तर जुन्या एक्सेलची ३७ पाने लागली असती. नव्याची तीन लागतात.

मर्यादा असणे हा दोष नाही. घागरीलाही काठ असतो. घागर भरली की पाणी बाहेर सांडते आणि ते आपल्याला दिसते. संगणकात मात्र पुष्कळदा सांडलेले दिसत नाही.

माझे काम मध्यम व्यापाऱ्यांना त्यांच्या हिशेबांतून अहवाल बसवून देण्याचे. त्यामुळे अशी सांडलवंड पाहण्याचे प्रसंग येतात. एका घाऊक व्यापाऱ्याने पाच वर्षांची बिले एका फाइलीत काढली होती. ओळी होत्या बारा लाखांच्या आसपास. फाइल एक्सेलमध्ये उघडली, तेव्हा ती पूर्ण आलेली नाही अशी सूचना पडद्यावर आली. कामाच्या घाईत कोणी तरी 'ओके' दाबले आणि सूचना गेली. फाइल गिऱ्हाइकांच्या क्रमांकाने लावलेली होती. म्हणजे जुनी गिऱ्हाइके वर आणि अलीकडे जोडलेली तळाशी. तळाची दीड लाख ओळ आलीच नाही. ही नवी गिऱ्हाइके बहुतेक गोंदिया-बालाघाट भागातली होती. अहवालात त्या भागाची विक्री जवळजवळ निम्मी दिसू लागली. पूर्ण शून्य दिसली असती, तर कोणालाही संशय आला असता. निम्मी दिसली, म्हणून ती खरी वाटली. तिकडची गाडी बंद करावी आणि त्या भागात फिरणाऱ्या विक्री प्रतिनिधीला नोटीस द्यावी, इथपर्यंत बोलणे गेले होते.

ते थांबले दुकानातल्या वयस्कर मुनीमजींमुळे. त्यांना ते सॉफ्टवेअर चालवता येत नव्हते. त्यांनी अहवालाची एकूण बेरीज मागितली, आपल्याकडच्या दरमहाच्या बेरजा मांडल्या आणि म्हणाले, "ताळा जुळत नाही, शेठ. आधी ताळा जुळवा, मग त्या पोराचं बघा." दोन बेरजांतला फरक शोधताना हरवलेल्या ओळी सापडल्या. त्या माणसाची नोकरी एका ताळ्याने वाचली.

हे केवळ आपल्याकडच्या दुकानात होते असे समजू नका. २०२० साली, करोनाची साथ ऐन भरात असताना, इंग्लंडमध्ये हेच घडले. प्रयोगशाळांकडून येणारे चाचण्यांचे निकाल त्यावेळच्या 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या सरकारी संस्थेत एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलीत ओतले जात होते. म्हणजे तीच ६५ हजार ओळींची फाइल. नवी पद्धत येऊन तेरा वर्षे झाली होती. एकेका रुग्णाच्या अनेक ओळी होत, त्यामुळे एका फाइलीत साधारण चौदाशे रुग्णच मावत. त्यापुढचे गळत गेले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रुग्ण दैनंदिन आकडेवारीत आलेच नाहीत. त्या रुग्णांना स्वतःचा निकाल कळला होता. पण ते कोणाकोणाला भेटले होते त्या लोकांचा शोध तेवढा लांबला, आणि साथीत एकेका दिवसाला किंमत असते. कारखानदार असो, आरोग्य खाते असो, ओळ गळते तेव्हा तिच्यामागचा माणूसच गळतो.

आता कोणी म्हणेल, एक्सेलचे पान लहान पडते तर मोठे सॉफ्टवेअर घ्या. बरोबर आहे. २०१० साली एक्सेललाच 'पॉवर पिव्हट' नावाची जोड मिळाली. पुढे २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'पॉवर बीआय' सर्वांसाठी खुले केले. स्वीडनमध्ये सुरू झालेली क्लिक ही कंपनी तर १९९३ पासून या क्षेत्रात आहे. यांत दहा लाख ओळींची भिंत नाही. कोटी कोटी ओळी घेता येतात. पण इथे मर्यादा दुसऱ्या रूपाने येते. ती ओळींची नसून मेमरीची असते.

मेमरी म्हणजे काय, हे दुकानाच्या भाषेत सांगतो. गादीवर बसून हात पोचेल अशी फळी ही मेमरी, म्हणजे रॅम. मागचे गोदाम म्हणजे हार्डडिस्क. फळीवरचा जिन्नस काढायला एक सेकंद लागतो असे धरा. त्याच मापाने फिरत्या हार्डडिस्कवरून तो आणायला सुमारे एक लाख सेकंद लागतील, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास. रेल्वेने नागपूरहून मुंबईला जाऊन परत यायला साधारण एवढाच वेळ जातो. नव्या एसएसडी डिस्कला याच मापाने पंधरा-सतरा मिनिटे लागतील. म्हणून ही सॉफ्टवेअरे सगळी माहिती फळीवरच मांडून बसतात. बटण दाबताच उत्तर मिळते ते त्यामुळे. पण फळी लहान आणि महाग असते, गोदाम मोठे आणि स्वस्त. जुन्या ३२ बिटच्या सॉफ्टवेअरना तर चार जीबीच्या पलीकडची मेमरी थेट दिसतच नसे. यंत्रात सोळा जीबी बसवली, तरी एकट्या सॉफ्टवेअरच्या हाती चारच, आणि प्रत्यक्षात अनेकदा दोनच. आता ६४ बिटमुळे ती अडचण गेली. पण पॉवर बीआयच्या नेहमीच्या 'प्रो' परवान्यात इंटरनेटवर चढवलेल्या एका संचाला एक जीबीची मर्यादा असते. त्याहून मोठा संच हवा तर वरच्या दर्जाचा परवाना घ्यावा लागतो आणि पैसेही तसेच लागतात.

एक जीबी ऐकून घाबरू नका. ही सॉफ्टवेअरे माहिती दाबून बसवण्यात फार तरबेज असतात. मूळ माहिती दहा जीबी असेल तर ती दाबून एका जीबीच्या आसपास येईल, अशी अपेक्षा धरायला हरकत नाही, असे मायक्रोसॉफ्टचेच मार्गदर्शन सांगते. हे कसे जमते? आपल्या जुन्या नोंदवह्यांत तेच नाव पुन्हा आले की खाली 'ऐजन' लिहीत. तीच युक्ती. एका रकान्यात नागपूर, वर्धा, भंडारा ही नावे लाखो वेळा येतात. सॉफ्टवेअर आधी एक छोटी यादी करते, नागपूर एक, वर्धा दोन, भंडारा तीन, आणि मग आकडेच साठवते. लागोपाठ चाळीस हजार वेळा 'एक' आला, तर 'एक, चाळीस हजार वेळा' एवढेच लिहून मोकळे होते. म्हणून इथे आडव्या ओळींपेक्षा उभ्या रकान्यांचा हिशेब महत्त्वाचा असतो. रकान्यात वेगवेगळ्या किमती किती, यावर मेमरी किती लागेल ते ठरते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. 'ऐजन' तिथेच लिहिता येते, जिथे मजकूर पुन्हा पुन्हा येतो. बिलाचा क्रमांक फारसा पुन्हा येत नाही, म्हणून तो फारसा दाबला जात नाही. शेरा, मोबाइल क्रमांक यांचेही तसेच. सर्वांत महाग पडते ती वेळ. अनेक सॉफ्टवेअरे तारीख आणि वेळ एकाच रकान्यात सेकंदापर्यंत लिहितात. वर्षभरात असे ३,१५,३६,००० वेगळे क्षण होऊ शकतात. तारीख एका रकान्यात आणि वेळ दुसऱ्यात ठेवली, तर तारखा ३६५ आणि दिवसाचे सेकंद ८६,४००, मिळून ८६,७६५. माहिती तीच, एक अक्षरही गेले नाही, पण यादी तीन कोटींवरून लाखाच्या आत आली. किराणा दुकानाला सेकंद लागत नसतील आणि मिनिटावर भागत असेल, तर ३६५ अधिक १,४४०, म्हणजे अवघ्या १,८०५ किमती. नवी मेमरी विकत घेण्याआधी रकान्यांकडे असे एकदा पाहावे. कोणीही न वाचणारे रकाने पुष्कळ अहवालांत ओझ्यासारखे वाहिले जातात.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. रात्री माहिती ताजी करताना जवळजवळ दुप्पट मेमरी लागू शकते. दुकान चालू असताना फळी नवी मांडायची, तर जुनी लगेच उतरवता येत नाही. गिऱ्हाईक उभे असते. नवी पूर्ण लागली की मगच जुनी काढायची. तोवर दोन्हींना जागा हवी. दिवसा सुरळीत चालणारा अहवाल रात्री ताजा होताना बंद पडतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते. यावर उपाय म्हणजे सगळी फळी दर रात्री बदलायचीच नाही. मागच्या वर्षांची बिले बदलत नाहीत, तर फक्त चालू महिना नव्याने घ्यावा. मोठ्या सॉफ्टवेअरांत तशी सोय असते.

तरीही एक प्रश्न उरतो आणि तो यंत्राचा नाही. किती बारकाई ठेवायची? विजेच्या स्मार्ट मीटरचे उदाहरण घेऊ. दर पंधरा मिनिटांनी एक नोंद धरली, तर दिवसाला ९६ आणि वर्षाला ३५,०४०. एक लाख ग्राहक असतील तर वर्षाच्या नोंदी ३५० कोटी होतात. एका नोंदीला आठ बाइट धरले तरी नुसते आकडेच २८ जीबी. त्याऐवजी ग्राहकाची दिवसाची एकच बेरीज ठेवली तर नोंदी होतात ३ कोटी ६५ लाख. साध्या संगणकालाही ते झेपेल. पण दिवसाच्या बेरजेत संध्याकाळचा ताण दिसत नाही. कोणत्या वस्तीचे रोहित्र सात वाजता तापते, हे तिला ठाऊक नसते. महिन्याचे बिल काढायचे तर दिवसाची बेरीज पुरेशी आहे. रोहित्र जळू नये असे वाटत असेल, तर ती कामाची नाही. नागपूरच्या तापमानाची वर्षाची सरासरी २७ अंशांच्या आसपास येते. तो आकडा चुकीचा नाही, पण तो वाचून कोणी मे महिन्यात दुपारी इथे फिरायला येऊ नये!

आपल्याच शहरात अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाच्या ब्युरोचे मुख्यालय आहे. १९७६ पासूनची ही संस्था. राज्याराज्यांचे मातीचे नकाशे तिने एकास अडीच लाख या प्रमाणावर तयार केले. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचा अडीच किलोमीटर. दोन एकरांचे चौकोनी शेत या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान पडते. त्या नकाशावरून राज्याचे नियोजन करता येते, पण माझ्या शेतात खत किती टाकू हे विचारता येत नाही. नकाशाचे मोठेपण असे की त्याच्या कोपऱ्यात हे प्रमाण छापलेले असते. कशासाठी वापरा आणि कशासाठी वापरू नका, हे तो स्वतः सांगतो. आपल्या व्यापारी अहवालांवर असे प्रमाण छापलेले मी क्वचितच पाहिले आहे. कोणती वर्षे घेतली, कोणत्या शाखा वगळल्या, आकडे रोजचे आहेत की महिन्याचे, एवढे तरी तळाशी लिहायला काय हरकत आहे?

म्हणून माझे सांगणे असे की, मर्यादा आली की लगेच मोठे यंत्र मागू नये आणि हाती येईल ते कापूनही टाकू नये. आधी प्रश्न ठरवावा. मालकाला रोज कोणते उत्तर हवे आहे? त्याला पुरेल एवढी खतावणी मेमरीत ठेवावी. रोजकीर्द गोदामात, म्हणजे डिस्कवरच्या डेटाबेसमध्ये, जशीच्या तशी सांभाळावी. आजच्या सॉफ्टवेअरांत बेरजेवर बोट ठेवले की खालच्या बिलापर्यंत जाता येईल, अशी जोडणी करता येते. मुनीम पान काढून दाखवी, तसेच. ही रोजकीर्द फेकून देण्याचा अधिकार तसाही आपल्याला नाही. जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात.

आणि ताळा रोज करावा. त्यासाठी संगणकशास्त्र शिकावे लागत नाही. मूळ जागेहून किती ओळी निघाल्या आणि अहवालात किती पोचल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. दोन्हींकडची एकूण रक्कम जुळते का पाहावे. जुळली नाही तर तो अहवाल त्या दिवशी कोणाच्या टेबलावर जाऊ नये. हे काम सॉफ्टवेअरकडूनच करून घेता येते. बसवून द्यायला अर्धा दिवस पुरतो. शाळेत गुणाकार तपासायला आपण नवाचा ताळा शिकलो. त्याने उत्तर बरोबरच आहे असे सिद्ध होत नसे, पण चुकले असेल तर बहुधा पकडले जाई. इथेही ओळींची संख्या जुळली म्हणजे सगळे बरोबर असे नव्हे, पण न जुळली तर काही तरी नक्की चुकले आहे.

६५,५३६ ओळी एके काळी अमाप वाटत. उद्या मेमरी आणखी स्वस्त होईल आणि आजच्या मर्यादाही लहान वाटतील. मात्र माहितीही तेवढ्याच वेगाने वाढते आहे, त्यामुळे कुठे ना कुठे काठ राहणारच. त्या काठावरून काय खाली गेले, हे यंत्र आपण होऊन सांगेल या भरवशावर राहू नये. उद्या तुमच्यापुढे एखादा रंगीत आलेखांचा अहवाल येईल. त्यात कोणा शाखेला, कोणा गावाला किंवा कोणा माणसाला कमी लेखलेले असेल. तेव्हा आलेखाकडे पाहण्याआधी अहवाल आणणाऱ्याला एवढेच विचारा, ओळी किती निघाल्या होत्या आणि पोचल्या किती? दोन्ही आकडे त्याच्याजवळ नसतील, तर निर्णय एक दिवस पुढे ढकला.